अश्वत्थाम्याचं तेल आणि आमचं पाणी

गोदाकाठी (धागाकर्ता)
परवा इथं एका सरांनी ‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू सिनेमाचं परीक्षण टाकलं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सहाशे कोटी मातीत गेले, पुराणाची विटंबना झाली, कलियुग संपायला लाखो वर्षं बाकी असताना कल्की आणलाच कसा, अश्वत्थाम्यासारख्या पाप्याला नायक केला, आणि हे विज्ञान नव्हे, जत्रेतला पाळणा आहे. खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मला काही झोप लागली नाही, म्हणून लिहायला बसलो.

सर, कलियुग ४,३२,००० वर्षांचं, सुरुवात इ.स.पू. ३१०२ हे दिग्दर्शक नाग अश्विनलाही ठाऊक आहे. २८९८ हे साल त्याने त्यावरूनच काढलंय, म्हणजे ३१०२ पासून सहा हजार वर्षं. पुढची सव्वाचार लाख वर्षं त्याने खाल्ली. खाऊ द्या की! सप्ताहात महाराज कृष्णाच्या हातात मोबाईल देतात तेव्हा तुम्हीच पुढं बसून हसता.

आता अश्वत्थामा. उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडणारा हा माणूस. तोच सहा हजार वर्षांनी एका पोटुशी बाईच्या राखणीला उभा राहतो. याहून सरळ प्रायश्चित्त कुठलं? माझी आजी तिन्हीसांजेला दारात तेल मागायला कुणी आलं तर रिकामं पाठवायची नाही. कपाळाला फडकं असेल तर तो अश्वत्थामा समजायचा, असं म्हणायची. पापी आहे हे तिलाही माहीत होतं, तरी पळीभर तेल द्यायचीच.

पहिला तास रटाळ आहे, कबूल. नायक भैरव आणि त्याची ती बोलकी बुज्जी गाडी यांच्या चेष्टामस्करीला कात्री हवी होती. पाहुणे कलाकार आहेर द्यायला रांगेत उभे राहिल्यासारखे एकेक येऊन जातात. पण ऐंशी ओलांडलेला अमिताभ त्या पडक्या देवळातून उठतो, तेव्हा आमच्या थेटरात शिट्ट्या थांबून शांतता झाली. ती कमवावी लागते.

आणि विटंबनेचंच म्हणाल, तर पैठणच्या नाथांनी भागवत मराठीत आणलं तेव्हाही काशीचे पंडित चिडलेच होते. ग्रंथ गंगेत बुडवला अशी कथा आहे. चिडणारे तेच, ग्रंथ बदलतात.

व्यासपीठ
मीच तो सर. नाथमहाराज आणि नाग अश्विन एका परिच्छेदात? धन्य आहे. नाथांनी एकादश स्कंध ओवीत आणला, मूळ अर्थाला धक्का न लावता. तुमच्या सिनेमात काय केलं? बाराव्या स्कंधात शंभल गाव आणि कल्कीच्या बापाचं, विष्णुयशाचं घर स्पष्ट दिलंय. इथं शंभाला म्हणजे निर्वासितांची छावणी, आणि विष्णुयशाच्या जागी प्रयोगशाळा. शिवाय सौप्तिक पर्वात कृष्णाचा शाप तीन हजार वर्षांचा आहे. मग सहा हजाराव्या वर्षी हे गृहस्थ कुठल्या वाढीव मुदतीवर फिरतायत? तुमच्या आजीबाईंना नमस्कार, पण आजी हा संदर्भग्रंथ नव्हे.

शून्य_साल
इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. शून्य साल नसतं. त्यामुळे सहा हजार नव्हे, ५९९९. चालू द्या.

देगलूरी
तुमचं शास्त्र चालू द्या, माझं एकच दुखणं आहे. तमिळ, मलयाळम, कन्नड, हिंदी सगळ्यात डब झाला, मराठीत नाही. कामून? आम्ही निजामाबादला जाऊन मूळ तेलुगूत पाहिला. इकडं बाजाराच्या दिवशी निम्मं बोलणं तेलुगूतच असतंय, आम्हाला अडलं नाही. पण परभणीच्या मावशीला हिंदीतच बघावा लागला, आणि ती आल्या आल्या म्हणाली, “महाभारतातले लोक ‘हम’ कामून म्हणायलेत?”

गोदाकाठी
मराठीत डब केला असता तर बुज्जीचं नाव ‘बबडी’ ठेवलं असतं. बरं झालं नाही केला.

देगलूरी
बबडी काय वाईट आहे? तेलुगूत बुज्जी म्हणजे तेच.

तिसरी_घंटा
चौघांची तिकिटं, वर थ्रीडी चष्म्याचे वेगळे, वर समोसा. त्या पैशात माझ्या बापाने माझी बारावी केली. कल्की जन्मायच्या आधीच दुसऱ्या भागाची पाटी लागली. तीन तास कळा, आणि डॉक्टर म्हणतो पुढच्या तारखेला या.

कोयत्याची_लेक
कुणी सुमतीबद्दल, म्हणजे त्या पोटुशी बाईबद्दल बोलणार आहे का? मुलींना नावाऐवजी नंबर, पोटातल्या जिवाचा अर्क काढायचा, आणि त्याच्या एका थेंबावर म्हातारा खलनायक यास्किन जवान होऊन गांडीव उचलतो. सिनेमाचा गाभा हाच आहे ना? धागाकर्त्यांना फक्त राखणदार दिसला.

लातूरकर
मी तर गोष्टच बघत नव्हतो, मी काशी बघत होतो. गंगा आटलेली, खाली माणसं पाण्याला महाग, आणि पाणी, झाडं, सगळं वर त्या उलट्या पिरॅमिडात. कॉम्प्लेक्स म्हणे. माझ्या शेजारचा पोरगा पॉपकॉर्न खात म्हणला, “काय इमॅजिनेशन आहे यार!” अरे बाबा, मी राहिलोय त्यात.

२०१६. मांजरा धरण कोरडं. नळाचं तर विसरूनच गेलो होतो, टँकर कधी येईल त्याचा नेम नाही. आमच्या गल्लीत घागरींना नंबर घालून साखळीनं बांधायचे. मी आणि थोरला पोरगा पाळीपाळीनं रात्री दोनला उठून बसायचो. टाक्यांपाशी हाणामाऱ्या होतील म्हणून कलेक्टरनं १४४ लावलं होतं. पाण्याला जमावबंदी! मग एप्रिलात मिरजेहून रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. बघायला अख्खं गाव लोटलं होतं, कुणी हार घेऊन आलतं. माझ्या आईनं इंजिनाला हात जोडले. त्या सिनेमात असलं एक दृश्य नाही. ड्रोन आहेत, लेझर आहेत, पण रात्री दोनला घागरीपाशी बसलेला माणूस नाही.

वरच्या_अंगाचा
आलं का रडगाणं? सिनेमाच्या धाग्यावरही पाणी. आता म्हणा, कॉम्प्लेक्स म्हणजे आमचं नाशिक-नगर.

गोदाकाठी
मी म्हणणार नव्हतो, पण तुम्हीच म्हणालात. गंगापूर, दारणा, भंडारदरा, निळवंडे, मुळा: सगळी भरून घ्यायची, आणि उरलं तर जायकवाडीला. आमच्याकडं गोदेला गंगाच म्हणतात, गंगाखेड हे नाव उगाच पडलं नाही. मग आमची गंगा वर कुणी अडवली? २००५ सालचा समन्यायी पाणीवाटपाचा कायदा आहे, तरी दर दुष्काळात कोर्टाची पायरी चढल्याशिवाय थेंब सुटत नाही.

वरच्या_अंगाचा
२०२३ च्या दुष्काळात साडेआठ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी जायकवाडीला सोडायचा आदेश निघाला. त्यातलं नदीच्या कोरड्या वाळूत किती मुरलं, तुम्हीच सांगा. माझ्या द्राक्षबागेचं पाणी तोडून तुमची वाळू भिजवायची, हा न्याय? आणि लातूरकर, तुमचा जायकवाडीशी संबंध काय? तुमचं धरण मांजरा. ते कुणी पिलं? रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा लातूरभोवती ऊस उभा होता की नव्हता? हो की नाही, एवढंच सांगा.

गोदाकाठी
द्राक्षं पिकवून वाइन करणारे आम्हाला ऊस शिकवायलेत.

वरच्या_अंगाचा
माझ्या बागेतून एक थेंब वाइन निघत नाही. खाण्याची द्राक्षं आहेत. कर्जावरची. तोंड सांभाळून बोला.

व्यासपीठ
सिनेमा! सिनेमावर बोला!

लातूरकर
होता. ऊस होता. माझाच होता, पाऊण एकर, बोअरवर. विहिरीनं तळ गाठला तेव्हा मोडला. घ्या, मिळालं उत्तर? सोयाबीनला भाव नाही, कारखाना निदान ऊस नेतो तरी, म्हणून लावला होता. माझ्याच शेतात कॉम्प्लेक्स होतं म्हणा, आणि रात्री दोनला मीच खाली काशीत घागर घेऊन. हसा आता.

वरच्या_अंगाचा
हसत नाही. वाइनवाल्याला आधी माफी मागायला सांगा.

गोदाकाठी
वाइनचं मागं घेतो. टीएमसीचं नाही.

शून्य_साल
आठ फुटी अश्वत्थाम्याची चर्चा आठ टीएमसीवर आली.

कोयत्याची_लेक
माझ्या कमेंटला एकानेही उत्तर दिलं नाही. धरणावर भांडण चाललंय. बरं, उसाचा विषय निघालाच आहे तर ऐका.

आमच्या बीडकडं ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या वस्ती-वस्तीवर गर्भाची पिशवी काढलेल्या बाया आहेत. पोरीबाळी, तिशीच्या आतल्या सुद्धा. पाळीत दुखतंय म्हणून बाई बसली की खाडा. डॉक्टर म्हणतो, नसता कॅन्सर होईल, काढून टाका. ऑपरेशनला पैसे मुकादमाकडूनच, म्हणजे टोळीच्या ठेकेदाराकडूनच उचल (आगाऊ रक्कम), आणि ती फेडायला पुन्हा फडात. २०१९ ला पेपरात आलं, समिती नेमली. माझ्या आईची अठ्ठाविसाव्या वर्षी काढली. आज पन्नाशीत तिला जिना चढता येत नाही.

तर मी थेटरात बसले, आणि पडद्यावर बायका रांगेनं टेबलावर, वर काचेतून हिशेब लिहिणारी माणसं. माझ्या पुढच्या रांगेतले म्हणत होते, हॉलिवूडची कॉपी आहे. मला केजचा तो दवाखाना दिसत होता. धागाकर्ते म्हणतात गर्भावर अस्त्र सोडणाऱ्याचं प्रायश्चित्त. छान. पण उत्तरेला त्यात कुणी काही विचारलं का? आणि सहा हजार वर्षांनी सुमतीला? आठ फुटी माणूस येऊन म्हणतो, तुझ्या पोटात देव आहे. देव नसता तर? तर तिला त्या टेबलावर राहू दिलं असतं का?

एक मान्य करते. ती आगीतून चालत बाहेर येते तेवढ्यापुरती ती स्वतःच्या पायानं चाललेली वाटते.

गोदाकाठी
ताई, चुकलं. तुमची पहिली कमेंट वाचली होती, पण मधेच पाणी आलं.

कोयत्याची_लेक
पाणी मधे येतंच. आमच्या घरातही हंडा आईच आणायची.

लातूरकर
ताई, विचारू का नको कळंना. खाडा किती धरतात?

कोयत्याची_लेक
उचलीतून कापतात, मुकादम लावील तो आकडा. दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्तच. आणि बाई बसली तर नवऱ्याचाही दिवस गेला. कोयता म्हणजे जोडी धरतात, दादा. तुमच्या पाऊण एकरावर किती कोयते आले होते?

लातूरकर
दोन.

देगलूरी
मराठी डबिंगचं मागं पडलं. ठीक आहे, मी थांबतो.

व्यासपीठ
माझ्या परीक्षणात सुमतीवर दीड ओळ आहे, तीही तिच्या वेशभूषेवर. ती दुरुस्त करतो. अश्वत्थाम्याच्या शापाची मुदत मात्र तीन हजारच आहे.

शून्य_साल
२९९९ नाही ना?