थांबलेलं संगीत नाटक नव्या नावानं उभं करावं का?

पायपेटी_कोल्हापूर

नमस्कार मंडळी, जरा मोकळेपणानं सल्ला हवाय.

आमचा कोल्हापुरातला हौशी गट. 'आडसाली' नावाचं तीन अंकी संगीत नाटक आम्ही बसवलं होतं. गोष्ट गुऱ्हाळघरातली: म्हातारा गुळव्या, त्याची सून आणि मुंबईहून परत आलेला धाकटा मुलगा. पदं माझी, चालीही माझ्याच. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं आणि आमचे ठरलेले प्रयोग त्यासोबत गेले. दुसऱ्याच दिवशी गायकनट केशवरावांची जयंती. शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं ते पॅलेस थिएटर. तिथं नांदी म्हणायची म्हणून आमच्यातल्या कितीतरी जणांनी गाणं शिकलेलं.

त्यानंतर गट पांगला. नायिका पुण्याला नोकरीला गेली, तबलजी दुसऱ्या संस्थेकडं. आता पुन्हा जमलोय. तीनाचे दोन अंक केलेत आणि साथीदार रंगमंचासमोरच्या पिटातून उचलून थेट रंगमंचावर, काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या भोवती बसवलेत. दुसऱ्या अंकात गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो. तिथं सगळी वाद्यं थांबतात, पायपेटीचा एकच सूर धरलेला राहतो आणि सून त्या सुरावर पद उचलते. ही जागा आधीच्या प्रयोगात नव्हती. तालमीत ऐकताना अजून अंगावर काटा येतो.

गटातल्या बहुतेकांचं म्हणणं, नाव बदला. 'आडसाली' म्हणजे काय ते पुण्या-मुंबईत कुणाला कळणार, आणि बंद पडलेलं नाटक म्हणून लोक तिकीट काढणार नाहीत. 'संगीत गुऱ्हाळ' असं नाव सुचवलंय, पोस्टरही नवं. माझं मन होत नाही. तुम्ही काय कराल?

भावेपेठ_सांगली

ताई, नावाचं नंतर. तीनाचे दोन अंक केलेत म्हणजे संहिता बदलली. सुधारित संहिता परिनिरीक्षण मंडळाकडं, म्हणजे नाटकाची संहिता तपासून परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाकडं आधी पाठवा, नाव बदलणार असाल तर तेही त्याच अर्जात विचारून घ्या. तारीख लागल्यावर धावपळ नको. आणि पहिला प्रयोग सांगलीत भावे नाट्यमंदिरात लावा. इथला प्रेक्षक पदं ऐकायला येतो. मी स्वतः शंभर तिकिटं खपवायची जबाबदारी घेतो.

मिरजकर_लंडन

ताई, हेच सगळं मी इथं डोळ्यांदेखत बघितलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर यांचं संगीत नाटक 'सिंड्रेला' इथल्या गिलियन लिन थिएटरमध्ये होतं. करोनाच्या साथीमुळं लांबत लांबत ऑगस्ट 2021 मध्ये एकदाचं उघडलं आणि जून 2022 मध्ये बंद झालं. मी पाहिलं तेव्हा नृत्यसमारंभाच्या प्रवेशात पुढच्या खुर्च्यांसकट अख्खा भाग फिरला आणि प्रेक्षक राजवाड्याच्या मधोमध जाऊन बसले! त्या थिएटरची रचनाच तशी आहे, वेबर यांचंच 'कॅट्स' एकवीस वर्षं तिथंच चाललं. मला त्या संध्याकाळचं सगळ्यात जास्त तेच आठवतं.

पुढं 'सिंड्रेला' न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर नेलं. संहितेत बदल केले, नटसंच नवा, आणि नाव ठेवलं 'बॅड सिंड्रेला'. नाटकात त्या नावाचं गाणं आहे, नायिका बंडखोर आहे, म्हणजे नाव हवेतून आलं नव्हतं. पण खुर्च्या फिरवणारी ती रचना तिथल्या इंपीरियल थिएटरमध्ये नव्हती. जे बघायला लोक पुन्हा आले असते ते लंडनलाच राहिलं आणि नाव तेवढं नवं झालं. वर समीक्षकांच्या हातात 'बॅड' हा शब्द निर्मात्यांनीच दिला. 23 मार्च 2023 ला उघडलं, 4 जूनला बंद. 85 प्रयोग. टोनी या ब्रॉडवेच्या मानाच्या पुरस्काराचं एकही नामांकन नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वेबर यांचं 'फँटम' पस्तीस वर्षांनी थांबलं होतं. त्यामुळं 1979 पासून ब्रॉडवेवर त्यांचं काही ना काही चालू असायचं, तेही या नाटकाबरोबर संपलं.

'संगीत गुऱ्हाळ'ची मला हीच भीती वाटते. पहिलाच समीक्षक लिहील, 'अडीच तासांचं गुऱ्हाळ'. हा मथळा तुम्ही आयता देऊ नका.

नाव बदलून भलं झाल्याचंही उदाहरण आहे. 'ओक्लाहोमा!' हे अमेरिकन संगीत नाटक आधी न्यू हेवन आणि बॉस्टनला 'अवे वी गो!' या नावानं खेळलं गेलं. बॉस्टनला असतानाच शेवटाकडचं 'ओक्लाहोमा' हे गाणं एकट्याकडून काढून सगळ्या नटसंचाला वाटून दिलं, ते उसळलं, आणि तेच नाव नाटकाला देऊन 31 मार्च 1943 ला न्यूयॉर्कला पडदा उघडला. पुढं 2,212 प्रयोग. तिथं आधी नाटकात नवं काहीतरी पिकलं, नाव त्यातून आलं. तुमच्याकडं पिकलंय ते गोळीच्या प्रवेशात आणि काहिलीभोवती बसलेल्या साथीदारांत. नाव त्याच्याशी जोडता आलं तर बदला, नाहीतर हात लावू नका.

जुना_रसिक

पोरी, तुझ्या गावच्या केशवरावांचंच उदाहरण घे. 'मानापमान' 1911 सालचं, संगीत गोविंदराव टेंब्यांचं, म्हणजे तेही तुमच्या कोल्हापूरचे. दहा वर्षं गाजलेलं, पदं लोकांना तोंडपाठ. 8 जुलै 1921 ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी तेच नाटक लागलं 'संयुक्त मानापमान' म्हणून. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. नाटकाचं नाव तेच, पुढं एकच शब्द लावला, आणि प्रयोगात नवं काय आहे ते सगळं त्या शब्दानं सांगितलं. या दोघांच्या दोन कंपन्या एकत्र उभ्या राहणार, हे वाचून कोण घरी बसेल? त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. लोक त्या प्रयोगाबद्दल अजून बोलतात.

अलीकडचं म्हणशील तर 'देवबाभळी'. एकांकिका होती, दोन अंकी झाली तेव्हा 'संगीत देवबाभळी' झाली. तुझी पदं खरंच नाटक पुढं नेत असतील तर 'संगीत' हा शब्द हक्कानं लाव. नुसती शोभेची असतील तर लावू नकोस.

राहिला प्रश्न 'आडसाली' कळण्याचा. जुलै-ऑगस्टची लागण, सोळा-अठरा महिने रानात उभा राहणारा ऊस. बाकीच्या उसापेक्षा उशिरा येतो पण वजनाला भारी. हे पुण्यातल्या माणसाला पोस्टरवर एका ओळीत सांग. ज्याला माहीत नाही तो विचारेल, आणि विचारणारा माणूस तिकिटाच्या खिडकीपर्यंत येतो.

पायपेटी_कोल्हापूर

काका, दादा, मनापासून आभार. काल तालमीनंतर तुमचे प्रतिसाद सगळ्यांना वाचून दाखवले. फिरणाऱ्या खुर्च्यांचा भाग वाचला तेव्हा आमचे नेपथ्यकार म्हणाले, काहील दौऱ्यावर नेता येत नाही म्हणून मी ती पडद्यावर रंगवणार होतो. आता खरीच न्यायची. टेंपोचा खर्च वाढेल तो वाढू दे.

नाव 'संगीत आडसाली' ठरलं. पोस्टरवर गुळव्याचा चेहरा नको, काहिलीभोवती बसलेले साथीदार हवेत, आणि खाली काकांची ती सोळा-अठरा महिन्यांची ओळ. 'नव्या संचात' हे शब्द जाहिरातीत घालायचे नाहीत, यावर मी अडून बसले. गटातले दोघं अजून नाराज आहेत, पण तालमीला येतायत.

सुधारित संहितेच्या प्रती आज काढल्या, मंडळाकडं पाठवते. सांगलीकर दादा, ती शंभर तिकिटं मी खरंच धरून चाललेय, तेव्हा तारखा कळवा. आणि एक अडचण आहे: पायपेटीचा भाता फाटलाय, उजव्या पायाला हवा धरत नाही. ज्या प्रवेशावर सगळं उभं आहे तिथं एकच सूर दीड मिनिट टिकवायचाय. मिरजेत किंवा सांगलीत कुणी चांगला दुरुस्त करणारा असेल तर तेवढं सांगा.