विधानसभा २०२४ : नागपूरकरांनो, तुमचा अनुभव लिहा

गोकुळपेठी

निकाल लागून महिना झाला. अधिवेशन आटोपलं, मंत्र्यांच्या गाड्या परत गेल्या, सिव्हिल लाइन्समधले बांबू निघाले. आता जरा शांतपणे बोलता येईल म्हणून हा धागा काढते आहे.

आकडे सगळ्यांना पाठ आहेत. २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर काँग्रेस १६, ठाकरे २०, शरद पवार १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी लागणारे २९ आमदार एकाही विरोधी पक्षाकडे नाहीत. आणि आपल्या शहरात? २०१९ला होतं तेच, चार-दोन. दक्षिण-पश्चिम, दक्षिण, पूर्व, मध्य भाजपकडे. पश्चिम आणि उत्तर काँग्रेसकडे. राज्यभर लाट आणि शहरात जैसे थे.

विश्लेषण टीव्हीवर पोटभर झालं. मला २० नोव्हेंबरला तुम्ही कुठे होतात आणि २३ला काय पाहिलंत तेवढंच हवंय. मत कुणाला दिलं ते सांगू नका. ‘आमच्या भाऊंनी’ अशी सुरुवात असलेला प्रतिसाद मी वाचणारही नाही.

धरमपेठकर

सुरुवात माझ्यापासून. यादीत नाव नाही. लोकसभेला होतं. बुथबाहेरच्या टेबलवरच्या पोरांनी तिन्ही पक्षांच्या याद्या चाळून पाहिल्या, बायकोचं सापडलं, माझं नाही. ती मत देऊन आली आणि दिवसभर बोट दाखवत फिरली.

खडूफळा

मी मास्तर आहे, त्यामुळे निवडणूक मला चुकत नाही. या वेळी केंद्राध्यक्ष होतो. १९ला सकाळी साहित्य घ्यायला रांगेत, दुपारी बसमध्ये, संध्याकाळी एका प्राथमिक शाळेच्या वर्गात. त्या बाकांवर दुसरीतलं पोर मावतं, मी मावत नाही. जमिनीवर चादर टाकून झोपलो. थंडी नुकती सुरू झाली होती आणि डासांना मात्र ती अजून कळली नव्हती.

साडेपाचला अभिरूप मतदान. पोलिंग एजंटांसमोर निदान ५० मतं टाकायची, निकाल काढून दाखवायचा, चिठ्ठ्यांशी ताळा करायचा आणि मग सगळं पुसून यंत्र शून्यावर आणायचं. प्रशिक्षणात हेच शंभरदा घोकून घेतात: क्लोज, रिझल्ट, क्लिअर. व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्रातल्या, त्या चिठ्ठ्या काढून प्रत्येकीवर शिक्का मारायचा आणि काळ्या पाकिटात सील करायच्या. शिक्के मारता मारता एका एजंटनं विचारलं, “सर, पाकीट काळंच का?” काय सांगणार? म्हटलं, पिवळं संपलं होतं.

सातला मतदान सुरू. पहिल्या तासात म्हातारे, नऊनंतर बायका, दुपारी शुकशुकाट, चारनंतर एकदम लोंढा. एक आजोबा बटण दाबून बाहेर येईचनात. पाहिलं तर कप्प्यात वाकून यंत्राच्या खाली हात घालून चाचपत होते. सात सेकंद काचेत दिसलेली चिठ्ठी खाली पडली, तेव्हा ती एटीएमसारखी बाहेर येणार असा त्यांचा समज. “पावती नाही देत? मग मी दिलं याचा पुरावा काय?” त्यांचं बोट धरून शाई दाखवली. त्यांना पटलं नाही, पण गेले.

सहाला रांगेत साठेक माणसं. अशा वेळी चिठ्ठ्या शेपटाकडून वाटत यायच्या, म्हणजे नंतर आलेला मध्ये शिरत नाही. शेवटची चिठ्ठी पानठेला बंद करून आलेल्या एका माणसाला मिळाली आणि त्याच्यामागे धावत आलेल्या दोघांना मी परत पाठवलं. त्यांनी मला जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ‘क्लोज’, १७-सी म्हणजे मतांच्या हिशेबाचा फॉर्म भरणं, एजंटांच्या सह्या, प्रत्येकाला प्रत. ही प्रत महत्त्वाची. यंत्रात किती मतं पडली तो आकडा एजंटाच्या खिशात घरी जातो आणि मोजणीच्या दिवशी त्याच्याशी जुळवला जातो. यंत्रावर संशय घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, त्या दिवशी बुथवर एजंट म्हणून बसा. आमच्या खोलीत दोन उमेदवारांचे एजंट दुपारी जेवायला गेले ते आलेच नाहीत.

साहित्य जमा करून घरी पोचायला पहाटेचे दोन वाजले. दुसऱ्या दिवशी शाळा होतीच.

तर्रीबाज

पुण्याहून आलो मत द्यायला. मंगळवारी रात्री निघणाऱ्या ट्रॅव्हल्सनं तिकीट असं वाढवलं होतं की दिवाळीत बरं. बसमध्ये अर्धे आपलेच, यवतमाळ-अमरावती-नागपूर. बाजूच्या सीटवरचा म्हणे, “तिकडचं नाव इकडे करून घेतलं तर घरी जायचं निमित्त जाते राजा.” सकाळी मत, मग पोहे आणि तर्री, रात्री परत बस. आईनं मी मताला आलो की जेवायला, यावर शेवटपर्यंत शंका घेतली.

नातसून

आमच्या आजेसासूबाई ८८ वर्षांच्या. ८५ वर्षांपुढच्यांना घरून मत देता येतं, त्यासाठी १२-डी अर्ज आधी भरून द्यावा लागतो. तो भरला. ठरल्या दिवशी अधिकारी, मदतनीस, पोलीस आणि व्हिडिओ काढणारा असा सगळा फौजफाटा दुसऱ्या मजल्यावर. आजींनी नवी नऊवारी नेसून ठेवली होती आणि मला चहा टाकायला लावला. त्यांनी चहा घेतला नाही, नियमात बसत नाही म्हणाले. आजी रुसल्या.

पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, कागदी मतपत्रिका दिली. मी जवळ जाऊ लागले तर आजीच ओरडल्या, “तू तिकडे हो, गुप्त असते ते.” खूण केली, घडी घातली, लिफाफ्यात घालून बंद केलं, बोटाला शाई.

नंतर गप्पांत कळलं की त्यांचं पहिलं मत १९५७चं, तेव्हा वय एकवीस लागायचं. नागपूर नुकतंच मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आलं होतं. “तेव्हा शिक्का नव्हता. ज्याची-त्याची पेटी वेगळी, पेटीवर चित्र. आपला कागद आपल्या पेटीत टाकायचा.” म्हटलं, पेटी चुकली तर? “चुकत होत्या ना. माझ्या जाऊबाईंनी कागद पेटीच्या वर ठेवून दिला आणि नमस्कार करून आल्या.”

फॉर्मवाला

माझं ऑनलाइन अर्जाचं दुकान आहे, पूर्व नागपुरात. जुलै-ऑगस्टमध्ये लाडकी बहीणचे, त्या महिना दीड हजारवाल्या योजनेचे, अर्ज भरून डोळे गेले. उत्पन्न अडीच लाखांच्या आत, वय २१ ते ६५, आधार बँकेला जोडलेलं. शेवटच्या अटीनं गोंधळ केला. पैसे अर्जात दिलेल्या खात्यात नाही, आधार जोडलेल्या खात्यात जातात. बाया यायच्या, “भाऊ, शेजारणीचे आले, माह्ये नाही आले.” शोधलं की सापडायचं, कधीकाळी उघडलेल्या आणि विसरलेल्या एखाद्या खात्यात तीन हजार पडून. एका बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही, कारण ते खातं नवऱ्याला माहीत नव्हतं.

दिवाळीआधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते एकत्र आले, म्हणजे एकूण साडेसात हजार. एकीकडून २१००चं आश्वासन, दुसरीकडून ३०००चं. मी दुकानात बायांना विचारायचो, तिकडचे तर दुप्पट देतो म्हणतात. उत्तर ठरलेलं: “देतो म्हणणारा आणि दिलेला, फरक असते ना.” आमच्या पूर्वेत भाजपचे खोपडे लाखाहून जास्त मतांनी आले. सगळं त्या दीड हजारानं झालं असं मी म्हणत नाही, ते २००९पासून निवडून येतच आहेत. पण मतदानाच्या दिवशी बायांची रांग पुरुषांपेक्षा लांब होती, हे मी पाहिलं.

संत्राबाग

काटोलचा आहे, मुलीच्या शिक्षणासाठी शहरात घर केलं. मत गावात. शहरवाल्यांचं ‘जैसे थे’ वाचून हसू आलं, कारण खरा उलटफेर जिल्ह्यात झाला. जूनमध्ये रामटेक लोकसभेत काँग्रेसचे श्यामकुमार बर्वे निवडून आले. सहा महिनेही झाले नव्हते, त्याच मतदारसंघातल्या सहा विधानसभांपैकी काँग्रेसच्या हाती एकटं उमरेड राहिलं. काटोल गेलं, काँग्रेसच्या केदारांचं सावनेर गेलं. कामठीत २०१९ला भाजपनं ज्यांचं तिकीट कापलं होतं ते बावनकुळे प्रदेशाध्यक्ष होऊन परत निवडून आले.

मला वाटलं होतं सोयाबीन नडेल. तेव्हा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजाराच्या आसपास. सरकारी खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर चालत नाही. केंद्रावर तो माणूस मूठभर दाणे यंत्राच्या डबीत टाकतो, आकडा येतो १४, आणि ट्रॅक्टर वळवा. मतदान तोंडावर आल्यावर ती मर्यादा १५ केली, तोवर माझ्यासारख्यांनी दिवाळीसाठी व्यापाऱ्याला देऊन टाकलं होतं. एक बाजू सहा हजार भाव देतो म्हणाली, दुसरी सात. पारावर एक म्हातारा म्हणे, “लिलाव आपला चालू आहे की सोयाबीनचा?”

फॉर्मवाला

मग नडलं का नाही?

संत्राबाग

घरात सोयाबीन नवऱ्याच्या नावानं आणि दीड हजार बायकोच्या नावानं. आणखी काय सांगू. पण एवढंच कारण धरू नका. आमच्याकडे आधीचे आमदार अनिल देशमुखांविरुद्ध पाच-पाच वर्षं साठलेलं होतं, तेही निघालं. उमेदवार बदलून मुलगा आला म्हणून लोक विसरले नाहीत.

पश्चिमवाला

मी मोजणी प्रतिनिधी होतो. कुणाचा ते सांगत नाही, धागामालकिणीचा नियम.

पहाटे रांग, पासवर फोटो, मोबाइल बाहेर. आत जाळीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे टेबलं. आठला टपाली मतं, साडेआठला यंत्रं. एका फेरीत १४ टेबलं, म्हणजे १४ बुथ. कंट्रोल युनिट आलं की आधी सील आणि नंबर पाहायचा, मग एकूण मतं १७-सीशी जुळवायची, मग रिझल्टचं बटण. पडद्यावर एकेक उमेदवार आणि त्याची मतं येतात, प्रत्येकाला एक बीप. पेन्सिल घेऊन उतरवून घ्यायचं. आमच्या टेबलवरचा कर्मचारी भलता चपळ. मी पाचवा आकडा लिहीपर्यंत तो नोटावर. दोनदा थांबवावं लागलं.

गंमत अशी की आतल्या माणसाला सगळ्यांत कमी कळतं. मला फक्त माझं टेबल माहीत. राज्यात महायुतीची गाडी २३०वर गेली हे आम्हाला चहा आणणाऱ्या पोरानं सांगितलं, तेही “साहेब, बाहेर खतम झालं सगळं” एवढ्याच शब्दांत. आणि आत आमचं काही खतम झालेलं नव्हतं. पश्चिममध्ये विकास ठाकरे जेमतेम सहा हजारांच्या आतल्या फरकानं निघाले. एवढ्या फरकात दर फेरीचा फलक लागला की अर्धी खोली कॅल्क्युलेटर काढते. बाहेर राज्याचा गुलाल उधळला जात होता आणि आतले दोन्हीकडचे लोक नखं खात बसलेले.

शेवटी पाच व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या टाकून निवडले आणि त्यातली एकेक चिठ्ठी मोजली. तोवर बरेच प्रतिनिधी निघून गेले होते. मी थांबलो. आमच्या टेबलवरची जुळली.

मध्यनागपूर

आमच्याकडे १२ हजारांच्या आत निकाल लागला, पण चर्चा दुसरीच होती. तीन वेळा हलबा समाजाचे विकास कुंभारे आमदार होते. या वेळी दोन्ही मोठ्या पक्षांनी हलबांना उमेदवारी दिली नाही. विणकरांच्या वस्त्यांत राग होता. जात वैधता प्रमाणपत्राचा प्रश्न घरटी आहे, कुणाची नोकरी अडली, कुणाच्या पोराचा प्रवेश. समाजानं अपक्ष उभा केला. आमच्या गल्लीत मागाचा खटखटाट आता उरलेला नाही, पण त्या पंधरा दिवसांत ओट्यावर रोज बैठक. भाजपचे दटके जिंकले. प्रमाणपत्राचा प्रश्न होता तिथेच आहे.

दक्षिणपश्चिम

आम्ही मुख्यमंत्री फडणवीसांचे मतदार, तरी कुणी विचारत नाही म्हणून लिहितो. मताधिक्य २०१४ला साठ हजारांच्या घरात, २०१९ला पन्नासच्या आसपास, आता ३९,७१०. ‘होणारच आहेत, मी एकटा नाही गेलो तर काय’ म्हणणारे आमच्या सोसायटीत पुष्कळ. हीच माणसं ५ डिसेंबरला शपथविधी पाहताना खुर्ची ओढून टीव्हीसमोर.

पाट्यावाला

माझ्या मामांचं पाट्या रंगवायचं काम आहे. हिवाळी अधिवेशन म्हणजे आमची सुगी. रविभवनच्या बंगल्यांसमोर नावाच्या पाट्या लागतात, त्यातलं थोडं काम त्यांच्याकडे येतं. या वर्षी १५ डिसेंबरला ३९ मंत्र्यांची शपथ इथेच राजभवनात झाली, १९९१नंतर पहिल्यांदा नागपुरात. दुसऱ्या दिवशी अधिवेशन. म्हणजे नावं कळली संध्याकाळी आणि पाट्या हव्यात सकाळी. दर वर्षी यादी आधी येते, या वेळी टीव्ही पाहून नावं उतरवत बसलो. आडनावातली वेलांटी चुकली तर ते मंत्री बोलत नाहीत, त्यांचे पीए बोलतात.

नाव झालं, खाली काय लिहायचं? खातेवाटप झालेलंच नव्हतं, ते झालं २१ला, अधिवेशन संपल्यावर. मग सगळ्यांना सारखंच: वर नाव, खाली नुसतं ‘मंत्री’ किंवा ‘राज्यमंत्री’. मामा खुश, अक्षरं कमी. पैसे पाटीवर असतात, अक्षरांवर नाही.

गोकुळपेठी

हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. बाकीच्यांनी वाईट वाटून घेऊ नये.

धरमपेठकर

एक विचारायचं राहिलं. महापालिकेची निवडणूक कधीतरी लागेलच. तेव्हा नाव असावं म्हणून ऑनलाइन शोधलं तर सापडलं, पण महालातल्या जुन्या घराच्या पत्त्यावर, दुसऱ्याच मतदारसंघात. आता नवा अर्ज करू का?

खडूफळा

नको. महापालिकेची यादी विधानसभेच्या यादीवरूनच फोडतात, त्यामुळे दुरुस्ती इथेच करा. नाव यादीत आहे आणि पत्ता बदललाय तर फॉर्म ८. सहा नंबरचा फॉर्म नव्या नोंदणीचा. तो भरलात तर दोन्हीकडे नाव येईल आणि मग एक कमी करायला सात नंबर भरत बसाल.

धरमपेठकर

आठ भरला. ओटीपी बायकोच्या मोबाइलवर गेला आहे. ती माहेरी.