‘कमी दाबाचा पट्टा’ नेमकं कशाला म्हणायचं?

पाटीपेन्सिल
शेतकऱ्यांसाठीच्या एका हवामान पत्रकाचं मराठी करतेय. मूळ इंग्रजीत लागोपाठच्या तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत: लो, डिप्रेशन आणि ट्रफ. मी अनुक्रमे ‘कमी दाबाचं क्षेत्र’, ‘डिप्रेशन’ आणि ‘द्रोणी’ असं लिहिलं. संपादकांनी तिन्ही ठिकाणी ‘कमी दाबाचा पट्टा’ करून परत पाठवलं. म्हणे पेपरात हेच येतं, लोकांना हेच कळतं. आता एकच पट्टा बंगालच्या उपसागरात तयार झालाय, तोच तीव्र झालाय आणि तोच गुजरातपासून केरळपर्यंत पसरलाय. काय करावं?

वातकुक्कुट
पट्टा म्हणजे लांबट. तिघांपैकी लांबट फक्त ट्रफ, तेव्हा पट्टा त्यालाच द्या. पावसाळ्यात राजस्थानातल्या गंगानगरपासून थेट बंगालच्या उपसागराच्या माथ्यापर्यंत जातो तो मॉन्सूनचा ट्रफ. दक्षिण गुजरात ते केरळ किनाऱ्यालगत असतो तो वेगळा. तो जोरात असला की कोकणाला झोडपून काढतो.
लो म्हणजे क्षेत्रच. नकाशावर त्याच्याभोवती समदाब रेषेचं, म्हणजे सारख्या दाबाची ठिकाणं जोडणाऱ्या रेषेचं, कडं पूर्ण होतं, आणि आपल्या गोलार्धात वारे त्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतात. त्या वाऱ्यांनी १७ नॉट गाठले की हवामान खातं डिप्रेशन म्हणतं, २८ ला डीप डिप्रेशन, ३४ ला चक्रीवादळ. एका नॉटचे ताशी १.८५२ किलोमीटर, गुणाकार ज्याचा त्याने करावा. या पायऱ्या आहेत. सगळ्यांना पट्टा म्हटलंत तर होडी कधी ओढून घ्यायची ते मच्छीमाराने कशावरून ओळखायचं?

शुद्धमती
क्षेत्र, पट्टा ठीक. पण मराठी पत्रकात ‘डिप्रेशन’? समुद्राला नैराश्य आलंय असं वाटेल. ‘अवदाब’ असा सुटसुटीत शब्द असताना ही लाचारी कशाला?

चहाबिस्कीट
अवदाब हवामान खात्याच्या हिंदी पत्रकातला आहे, ताई. इंग्रजी नको म्हणून हिंदी घ्यायचं, हे कुठलं शुद्धीकरण?

शुद्धमती
‘अव’ संस्कृत आणि ‘दाब’ आपलाच. हिंदीने आधी वापरला म्हणून तो त्यांचा सातबारा होत नाही.

खडूफळा
पट्ट्याचं खापर मी पेपरवाल्यांवर फोडणार नाही. शाळेत भूगोल शिकवतो. पोरं पाठ करतात ते ‘वायुदाब पट्टे’: विषुववृत्तावर कमी दाबाचा, २५ ते ३५ अंशांच्या मध्ये जास्त दाबाचा, ५५ ते ६५ मध्ये पुन्हा कमी, ध्रुवांवर पुन्हा जास्त. ते खरोखरच पृथ्वीला गुंडाळलेले पट्टे आहेत. परीक्षेत आकृतीला गुण असतात, त्यामुळे ‘कमी दाबाचा’ म्हटलं की पुढे ‘पट्टा’ आपोआप येतो. तीच पोरं मोठी होऊन बातम्या लिहितात. हा आपला माझा सिद्धांत.

अण्णा_निवृत्त
तुम्ही सगळे ‘दाब’ गृहीत धरून चाललात. आमच्या वेळी ‘वायुभार’ होता. नकाशावर ‘समभार रेषा’ असायच्या. हवेला वजन आहे हे त्या एका शब्दात कळायचं.

खडूफळा
अण्णा, तिथेच घोळ होतो. भार म्हटलं की पोरांना वाटतं हवा फक्त वरून दाबते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो, म्हणजे पसरलेल्या तळहातावर शंभराच्या वर. मग हात खाली का जात नाही, असा प्रश्न दर वर्षी एक तरी पोरगं विचारतं. खालूनही तेवढंच दाबतं म्हणून. हे ‘भार’ मध्ये बसत नाही.

अण्णा_निवृत्त
बसत नाही कसं? महाबळेश्वरला वायुभार कमी, कारण डोक्यावर हवा कमी. सरळ हिशेब.

वातकुक्कुट
महाबळेश्वर काढलंतच तर सांगतो. समुद्रसपाटीला १०१३ मिलिबार सरासरी, महाबळेश्वरला साधारण ८६०. आणि १९७९ मध्ये पॅसिफिकमधल्या टिप वादळाच्या केंद्रात नोंदला गेलेला समुद्रसपाटीचा नीचांक ८७०. नुसते मोजलेले आकडे नकाशावर टाकले तर वेण्णा तलावावर जगातलं सगळ्यात भयंकर वादळ दिसेल, आणि लोक तिथे कणीस खात उभे. म्हणून प्रत्येक ठिकाणचा दाब आधी समुद्रसपाटीला आणून मग रेषा काढतात. दाब म्हणा नाहीतर भार, वारा चालतो तो आडव्या फरकावर.

चहाबिस्कीट
कणीस नाही, स्ट्रॉबेरी क्रीम.

बंदरावरचा
एवढी पुस्तकी चर्चा चाललीय, कोळ्यांना कोणी विचारलंय का? आमचे आजोबा शिडाच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. त्यांच्या तोंडी दाब नव्हता, पट्टा नव्हता. पहाटे ‘मतलई’ धरून बाहेर जायचं, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचं. रात्री जमीन लवकर निवते, वारा समुद्राकडे पळतो, म्हणून ‘मातीवरून येणारी’ ती मतलई. पत्रकात असले शब्द घाला की.

शुद्धमती
मातीपासून मतलई! किती छान.

गझलवेडा
छान आहे, पण पटत नाही. अरबीत ‘मतला’ म्हणजे उगवण्याची जागा. गझलेचा पहिला शेर मतला, तोच हा शब्द. अरब खलाशी ताऱ्यांच्या उगवती-मावळतीवरून दिशा सांगायचे, उगवतीच्या बाजूला मतला म्हणायचे. कोकणात जमीन पूर्वेला, म्हणून जमिनीवरचा वारा मतलई. मॉन्सूनसुद्धा अरबीतल्या ‘मौसिम’ वरून आलाय, तो चालतो ना?

बंदरावरचा
आजोबांना गझल ठाऊक नव्हती.

गझलवेडा
शब्द वापरायला व्युत्पत्ती लागत नाही हो.

पाटीपेन्सिल
मंडळी, द्रोणी ठेवू की पट्टा? संध्याकाळी द्यायचंय.

खडूफळा
मतलई अरबी ‘पूर्वेकडचा’ असेल तर आमच्या पुस्तकाची पंचाईत आहे. आम्ही कुठल्याही किनाऱ्यावरच्या रात्रीच्या वाऱ्याला मतलई शिकवतो. चेन्नईला जमीन पश्चिमेला. तिथला मतलई मग मावळतीकडून येणारा उगवतीचा वारा का?

बंदरावरचा
मातीवरून धरा, दोन्ही किनाऱ्यांना चालतं.

गझलवेडा
चालतं म्हणून खरं ठरत नाही.

अण्णा_निवृत्त
आणि ‘व्यापारी वारे’? ते कोणता व्यापार करतात, हे कोणी सांगेल का?