गिनेस तीच, मग कॅन आणि बाटली इतकी वेगळी का लागते?

निवांतराव:
मंडळी, बियर म्हणजे पिवळी, गारेगार आणि सोबत मसाला शेंगदाणे, एवढंच आपलं ज्ञान. दिवाळीत मेहुणा डब्लिनहून आला त्याने गिनेसचे, म्हणजे आयर्लंडच्या काळ्या बियरचे, चार कॅन आणले. पहिलाच घोट घेतला आणि खल्लास, वर दुधाच्या सायीसारखा फेस, कडवटपणा बेताचा, एकदम मऊ उतरते. मग परवा नायजेरियात लागोसला नोकरी करणारा मित्र गिनेसचीच बाटली घेऊन आला, फॉरेन एक्स्ट्रा लिहिलेली, म्हटलं वा! तर ही गोड काय, कडू काय, चिक्की जळाल्यासारखी, आणि अर्ध्या बाटलीत डोकं जड. नक्की खरी कुठली? आणि तुमची आवडती स्टाउट (अशी भाजक्या धान्याची काळी बियर) कुठली तेही सांगा.

कॉर्कची_सून:
दोन्ही खऱ्या, पण बियर वेगवेगळ्या आहेत हो. कॅनमधली ‘ड्राफ्ट’ नावाची ४.२ टक्के अल्कोहोलची, फॉरेन एक्स्ट्रा ७.५ ची, त्यामुळे डोकं जड झालं त्यात नवल नाही. नायजेरियात बनते तिच्यात ज्वारीही असते, म्हणजे आपल्या भाकरीची नातेवाईकच! आणि ड्राफ्टमध्ये नायट्रोजन असतो, तो पाण्यात फारसा विरघळत नाही म्हणून बुडबुडे अगदी बारीक येतात, साय म्हणताय ती तीच. बाटलीत नेहमीचा कार्बन डायऑक्साइड, म्हणून ती जिभेला चुरचुरते.
आता आवडतीचं म्हणाल तर आमच्या गावात, आयर्लंडमधल्या कॉर्कला, गिनेस मागवली की सासरे तोंड वाकडं करतात, इथल्या दोन म्हणजे मर्फीज आणि बीमिश. बीमिश १७९२ पासूनची, तिची जुनी ब्रुअरी (बियरचा कारखाना) २००९ मध्ये बंद पडली आणि आता ती मर्फीजच्याच ब्रुअरीत बनते, तरी दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या ग्लासात डोकावून नाक मुरडतातच. मर्फीज सौम्य, थोडी टॉफीकडे झुकणारी. बीमिश जास्त भाजकी, कडू. मी बीमिशवाली, घरात एकटीच.

खडूस_काका:
निवांतराव, एक विचारतो, फ्रीजमधून काढून लगेच प्यायलात ना? फॉरेन एक्स्ट्राला दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, मग चॉकलेट, मनुका असलं काहीतरी वर येतं. बर्फगार प्यायची असेल तर पिवळीच घ्या, पैसे तरी वाचतील. बाकी ते नायट्रो वगैरे ठीक आहे, मला त्यात फेसच जास्त आणि माल कमी वाटतो.

डोंगरवाट:
काकांना +१. कुणी लायन स्टाउटचं नाव कसं नाही काढलं? श्रीलंकेची, ८.८ टक्के! पूर्वी नुवारा एलियाला चहाच्या मळ्यांमध्ये बनायची, आता कोलंबोजवळ बियागामाला. कँडीत पावसात अडकलो होतो तेव्हा लॉजवाल्याने बाटली आणून दिली, सोबत तिखट तळलेली मासळी, अहाहा, गूळ, कॉफी, काळा मनुका सगळं एकाच घोटात. पण एकावर थांबा, दुसरी उघडलीत तर जिना मोजून उतरावा लागतो.

कॉर्कची_सून:
@खडूस_काका, कॅन ओतायचीही एक पद्धत असते. ग्लास तिरका धरून कॅन एका दमात ओतायचा, मग बुडबुडे कडेने खाली जाताना दिसतात, तेवढं थांबायचं. सासरे तोवर बोलूच देत नाहीत.

निवांतराव:
सगळ्यांचे आभार! एक राहिलं, रिकामा कॅन हलवला तर आत खुळखुळ वाजत होतं, मला वाटलं काही गेलंय आत. कात्रीने कापला (बोट कापलं, ते वेगळं) तर पांढरी प्लास्टिकची पोकळ गोळी निघाली, टेबल टेनिसच्या बॉलपेक्षा जरा लहान, तिला बारीक भोक.

कॉर्कची_सून:
त्या गोळीलाच विजेट म्हणतात! कॅन उघडला की दाब एकदम कमी होतो आणि गोळीतला नायट्रोजन भोकातून झपकन बाहेर येतो, त्यानेच फेस उठतो. टाकू नका हो.

निवांतराव:
उशीर झाला, मांजराने पलंगाखाली नेलीय.