प्रसिद्ध चेहऱ्याला मत देणारा मतदार खरोखर भोळा असतो का?

काठावरचा मतदार (धागाकर्ता)
एखादा नट किंवा खेळाडू निवडणुकीला उभा राहिला की ‘लोक चेहरा पाहून मत देतात’ हे वाक्य हमखास ऐकू येते, आणि ते म्हणणारा स्वतःला त्या ‘लोकां’मधून अलगद वगळतो. माझे मत याच्या उलट आहे. प्रसिद्धीमुळे सभेला गर्दी जमते, मते जमतीलच असे नाही. चिरंजीवी यांनी २००८ मध्ये पक्ष काढला. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या २९४ जागांपैकी त्याच्या पदरात १८ पडल्या, आणि दोन ठिकाणी उभे राहिलेले चिरंजीवी स्वतः पालकोल्लू या आपल्याच भागातल्या मतदारसंघात हरले. कमल हासन २०२१ मध्ये दक्षिण कोइम्बतूरमध्ये दोन हजारांहूनही कमी मतांनी पडले. शिवाजी गणेशन यांच्या अभिनयाबद्दल तमिळनाडूत दुमत नव्हते, तरी १९८९ मध्ये त्यांना स्वतःची जागा जिंकता आली नाही. टाळ्यांचा आणि मतांचा हिशेब मतदार वेगवेगळा ठेवतो.

स्पष्टवक्ता
आपण पडलेल्यांचीच यादी दिलीत. २००४ मध्ये उत्तर मुंबईत काय झाले? पाच वेळा निवडून आलेले आणि त्या वेळी केंद्रात पेट्रोलियम मंत्री असलेले राम नाईक गोविंदा यांच्याकडून हरले, आणि पाच वर्षांनी गोविंदा पुन्हा उभेही राहिले नाहीत. अलाहाबादमध्ये १९८४ साली हेमवतीनंदन बहुगुणांसारखा मुरलेला नेता नाकारून लोकांनी अमिताभ बच्चन यांना निवडले, आणि १९८७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. मतदाराचा हिशेब इतका चोख असेल, तर ही वजाबाकी त्याला आधी का दिसली नाही?

सतरंजीवाला
मी मतदाराला दोष देणार नाही. वर्षानुवर्षे मतदार याद्या तपासणारा, सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता बाजूला सारून ऐनवेळी आयता चेहरा आणणारा पक्षच असतो. मतदाराला समोर ठेवलेल्यांतूनच निवडावे लागते.

काठावरचा मतदार
स्पष्टवक्ता, १९८४ ची निवडणूक इंदिराजींच्या हत्येनंतरची होती आणि त्या लाटेत भलेभले वाहून गेले, त्यामुळे तो निकाल केवळ पडद्यावरच्या लोकप्रियतेच्या खात्यावर मांडता येणार नाही. त्याच निवडणुकीत मुंबईतून सुनील दत्तही निवडून आले होते. पंजाब धुमसत असताना, १९८७ मध्ये, ते मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले, आणि पुढेही वेळोवेळी, एकूण पाच वेळा, लोकांनी त्यांना लोकसभेत पाठवले. प्रसिद्धी पहिल्या खेपेला दार उघडून देते, पुढच्या खेपेला काम विचारले जाते. एन. टी. रामाराव यांनी १९८२ मध्ये पक्ष काढून जेमतेम नऊ महिन्यांत सत्ता मिळवली, पण १९८९ मध्ये लोकांनी ती काढून घेतली आणि कलवकुर्तीत तर खुद्द त्यांनाच पाडले. पडद्यावर राम-कृष्ण साकारणाऱ्या माणसाला पाडणारा मतदार भाबडा कसा म्हणायचा?

जुना वाचक
या चर्चेत एम. जी. रामचंद्रन यांना वगळून चालणार नाही. ते १९७७ मध्ये मुख्यमंत्री झाले खरे, पण त्याआधी दोन दशके द्रमुकमध्ये होते, १९६७ पासून आमदार होते, आणि त्यांच्या चाहत्यांच्या मंडळांचे जाळे गावोगाव पसरलेले होते. तिथे चाहता हाच कार्यकर्ता होता. ज्यांच्याकडे नुसते चाहते असतात, त्यांच्या सभा भरतात आणि मतदान केंद्रावर बसायला माणूस मिळत नाही.

स्पष्टवक्ता
जुना वाचक यांचा मुद्दा मला मान्य आहे, धागाकर्त्यांचा अर्धाच. ‘पुढच्या खेपेला काम विचारतात’ म्हणजे मधली पाच वर्षे गेली ती गेलीच. खासदार मतदारसंघात फिरकला नाही तरी त्याला मुदतीआधी परत बोलावण्याची सोय आपल्याकडे नाही. ती असती तर चेहऱ्याला मत देण्याचा धोका मीही पत्करला असता.

काठावरचा मतदार
ती सोय कॅलिफोर्नियात आहे. २००३ मध्ये तिथल्या मतदारांनी तिचा वापर करून ग्रे डेव्हिस या मुरलेल्या राजकारण्याला गव्हर्नरपदावरून खाली खेचले आणि त्याच मतदानात त्याच्या जागी अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना बसवले.