शाळेसमोरच्या रस्त्याचं ड्रोनने शूटिंग करून काही सिद्ध करता येतं का? (कोल्हापूर)

तांबडा_पांढरा
नमस्कार मंडळी. पोराची शाळा राधानगरी रोडच्या बाजूला आहे. शाळा सुटताना गेटसमोर जो राडा असतो तो सांगून कुणाला पटत नाही, रिक्षावाले मामा, वडाप (शेअर जीप), पालकांच्या गाड्या वाट्टेल तशा लावलेल्या, आणि हंगाम सुरू झाला की त्यातूनच डबल ट्रॉलीचे उसाचे ट्रॅक्टर. स्पीडब्रेकर आणि झेब्रा द्या म्हणून सगळीकडे अर्ज देऊन झाले, सगळीकडे एकच प्रश्न, "इथं अपघात किती झालेत?" म्हणजे आधी कुणाचं तरी पोर जायला पाहिजे काय? मेव्हण्याकडे लग्नाच्या शूटिंगचा ड्रोन आहे. परदेशात ड्रोनवरून असा अभ्यास करतात असं वाचलंय. नक्की काय मोजतात आणि परवानगीचं काय?

चौकातला_इंजिनिअर
कल्पना चांगली आहे, फक्त नुसता व्हिडिओ दाखवून काही होणार नाही, साहेब बघणार, "फारच गर्दी हो" म्हणणार आणि फाइल खाली ठेवणार. आकडा पाहिजे. एका शाळेसमोर अपघात तसे क्वचितच होतात, त्यामुळे पोलिसांच्या नोंदीत "शून्य" दिसलं म्हणून रस्ता सुरक्षित असं होत नाही. म्हणून अपघात होता होता थोडक्यात टळला असे प्रसंग मोजायचे. स्वीडनमध्ये लुंड विद्यापीठातल्या लोकांनी ही पद्धत बसवली, तेव्हा ड्रोन कुठले, माणसं फुटपाथवर कागद घेऊन उभी राहायची.

साधं करून सांगतो. रस्त्यावरचा एक ठिपका धर. मुलगी त्या ठिपक्यावरून पुढे गेली, त्यानंतर त्याच ठिपक्यावर मोटरसायकल किती सेकंदांनी आली? पाच सेकंद असतील तर काही नाही, एक-दीड सेकंदाच्या आत आली तर तो प्रसंग गंभीर धरायचा. शाळा सुटतानाच्या अर्ध्या तासात असे किती झाले, त्यात दुचाकी किती, ट्रॅक्टर किती, नेमके कुठे झाले, एवढं एका कागदावर दे. अपघात किती विचारणाऱ्याला हे उत्तर.

ड्रोनचा फायदा एवढाच की वरून गाडीआड काही लपत नाही. अथेन्समध्ये २०१८ ला एकाच वेळी १० ड्रोन उडवून शहराच्या मध्यभागातली सगळी वाहतूक टिपली होती. तुला एक पुरे. ६० मीटरवरून ४के मध्ये रस्त्याचा साधारण ८०-८५ मीटरचा तुकडा बसतो आणि एक पिक्सेल दोन-सव्वादोन सेंटिमीटरचा पडतो. पोराचं डोकं आठ-नऊ पिक्सेलचं, म्हणजे चालणं कळतं, चेहरा ओळखू येत नाही, आणि ते बरंच आहे. मोजणी मात्र हातानेच कर, तयार सॉफ्टवेअर स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर वेगळं धरतच नाही.

गरुडभरारी_सातारा
परवानगीचं मी सांगतो. ड्रोन नियम २०२१ चे आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्याला पायलटचा परवाना लागत नाही. २ किलोपर्यंतचा मायक्रो, तो धंद्यासाठी उडवत नसशील तर त्यालाही नाही, लग्नवाल्यांचा ड्रोन बहुतेक मायक्रोत जातो, पण त्याची सरकारकडे नोंदणी आहे का हे मेव्हण्याला आधी विचार. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे नकाशावर परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागात, ४०० फुटांपर्यंत चालतं, पण विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात फक्त २०० फूट, आणि ५ ते ८ मध्ये आलास तर यलो झोन, तिथे एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रण) परवानगी लागते. उजळाईवाडीचा विमानतळ तुम्हाला जवळच आहे, नकाशा बघितल्याशिवाय पंखा फिरवू नको. शिवाय पोलिसांचा तात्पुरता बंदी आदेश असू शकतो, ठाण्यात लेखी देऊन ठेव, शाळेचंही पत्र घे. २०२४ च्या पावसाळ्यात बीड, नगर, पुण्याकडे रात्री ड्रोन फिरतात म्हणून लोकं काठ्या घेऊन जागत होती, आठवतंय ना? न सांगता शाळेवर ड्रोन दिसला तर पालकच तुला धरतील.

आणि खरं सांगू का, घिरट्या घालणारा ड्रोन बघून पोरं रस्त्याच्या मधे थांबून वर बघत हात हलवणार. जे मोजायला गेलास तेच बिघडलं. पोरांच्या डोक्यावर तर अजिबात उडवायचा नाही, बॅटरी गेली तर खाली कोण आहे?

सईची_आई
दादा, ड्रोन कशाला, समोर तीन-चार मजली इमारत असेल तर गच्चीवरून मोबाइल लावा की. रोज लावता येतो आणि कुणी वर बघत नाही. आमच्या मुंबईत भायखळ्याला ख्राइस्ट चर्च शाळेजवळ पालिका, वाहतूक पोलीस आणि डब्ल्यूआरआय इंडिया या संशोधन संस्थेने रस्ता बदलून दाखवला, अशी कामं आधी तात्पुरत्या रंगाने आणि कोनने करून बघता येतात. तुम्हीही कायमचा स्पीडब्रेकर मागण्याऐवजी आधी आठ दिवस तात्पुरतं मागा, नाही म्हणायला कारण कमी उरतं.

अजून एक, वरून सगळं दिसतं पण पोराला काय दिसतं ते दिसत नाही. गेटजवळ गुडघ्यावर बसून एकदा बघा, उभ्या रिक्षेच्या पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही.

तांबडा_पांढरा
लई भारी माहिती मिळाली. समोर दवाखान्याची गच्ची आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, तिथून करतो. पण गच्चीवरून तिरकं दिसणार, अंतर आणि वेग कसा काढायचा?

चौकातला_इंजिनिअर
सकाळी लवकर रस्त्यावर फक्कीने चार खुणा कर, चौकोनात, आणि टेपने सगळी अंतरं मोजून लिहून ठेव, कर्णसुद्धा. "ट्रॅकर" नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, फिजिक्सचे मास्तर वापरतात, त्यात त्या चार खुणा देऊन चित्र सरळ करून घेता येतं. वरचा सेकंदांचा हिशोब तर त्याशिवायही निघतो, फ्रेम मोजल्या की झालं.

ऊस चालू असताना एकदा आणि जूनमध्ये एकदा कर, वेगवेगळं. जूनमध्ये छत्री आणि रेनकोटच्या टोपीमुळे पोरांना बाजूचं दिसत नाही, आणि तेव्हा पावसात ड्रोन तसाही उडत नाही.

गरुडभरारी_सातारा
मेव्हण्याला एक काम दे मग. रविवारी, रस्ता रिकामा असताना, नियमात बसत असेल तर वरून एक फोटो काढून घे. तो प्रिंट करून त्यावर तुझे सगळे प्रसंग लाल पेनाने मांड.