वीज परत आल्यावर अलार्म-ऑटोमेशन आपोआप सुरू व्हावं का?

मिऱ्याबंदर
माझं मत: नाही. ट्रॅप (नेटवर्कच्या उपकरणाने एसएनएमपी या देखरेख-पद्धतीने स्वतःहून पाठवलेली सूचना; यूडीपी १६२) आणि सिसलॉग (उपकरणांच्या नोंदींचे मेसेज; ५१४) घेणारी प्रक्रिया सर्व्हर उठताच चालू झालीच पाहिजे. पण त्या मेसेजवरून तिकीट (बिघाडाची नोंद) उघडणारी, नेटवर्क-स्विचचे पोर्ट बंद-चालू करणारी प्रक्रिया माणसाने पडदा बघून सुरू करावी. जुलैत रत्नागिरी-गुहागर पट्ट्यात वीज येते तेव्हा सगळे स्विच एकदम उठतात. २४ पोर्टांचे ४० स्विच धरा: ४० कोल्डस्टार्ट (‘स्विच नव्याने चालू झाला’) आणि ९६० पर्यंत लिंकअप (‘पोर्ट जोडला गेला’), तेही काही मिनिटांत. यातला एकही बिघाड नव्हे, आणि खरोखर तुटलेली फायबर याच ढिगाऱ्यात दबते.

खाडीकाठ
साफ असहमत. रात्री दोनला पडदा कोण बघणार? हाताने सुरू करायची प्रक्रिया म्हणजे सकाळपर्यंत बंद प्रक्रिया. मेसेजचा पूर येतो हा नियमांचा दोष आहे. कोल्डस्टार्ट आला की त्या स्विचचे लिंक-मेसेज दहा मिनिटं नुसते नोंदवा, कृती नको.

उलट आपोआप सुरू होतं असं समजून गाफील राहणं जास्त धोक्याचं. वीज गेल्यावर डेटाबेस सावरायला मिनिटभर घेतो. ऑटोमेशन तेवढ्यात पाच वेळा उठून पडतं आणि सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) त्याला कायमचं झोपवतं, कारण मुळातली मर्यादा १० सेकंदांत ५ प्रयत्न एवढीच आहे आणि दोन प्रयत्नांमधलं अंतर जेमतेम १०० मिलिसेकंद. हे अंतर ३० सेकंद करा, प्रश्न मिटला.

मिऱ्याबंदर
३० सेकंदांचं पटलं. कोल्डस्टार्टचा नियम मात्र टिकत नाही. जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमध्ये मेसेज गोल फिरू नयेत म्हणून पोर्ट आधी रोखून धरणारी पद्धत) पोर्ट खुला व्हायला ३० सेकंद लागतात. स्विचने कोल्डस्टार्ट त्याआधीच पाठवलेला असतो. ट्रॅपला पोच नसते, तो गेला तो गेलाच. मग तुमची दहा मिनिटं मोजायला सुरुवात कुठून करणार?

आणि पोर्ट बंद-चालू करणाऱ्या नियमाचं काय? पावसात मायक्रोवेव्ह लिंक हेलकावे खाते, नियम पलीकडच्या स्विचचा अपलिंक (मुख्य नेटवर्ककडे जाणारा पोर्ट) बंद करतो. ‘चालू कर’ हा आदेश त्याच पोर्टातून जायचा असतो, तो पोचतच नाही. मग तिथे जायला मध्यरात्री दाभोळची फेरीबोट कुठून आणायची?

आंबाघाट
कोल्डस्टार्टवर विसंबूच नका. एसएनएमपीच्या व्ही२सी आवृत्तीच्या प्रत्येक ट्रॅपमध्ये पहिलं मूल्य सिसअपटाइम (उपकरण किती वेळ चालू आहे) असतं, सेकंदाच्या शंभराव्या भागात. ते ६०,००० च्या आत असेल तर स्विच दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ चालू आहे. मेसेज नोंदवा आणि सोडून द्या.

दोन गोष्टी कोणीच काढल्या नाहीत. नेट-एसएनएमपी या सॉफ्टवेअरच्या ट्रॅप डीमनला (ट्रॅप घेणाऱ्या सेवेला) कम्युनिटीवर (ट्रॅपसोबत येणाऱ्या परवलीच्या शब्दावर) फक्त ‘लॉग’ परवानगी दिली, ‘एक्झिक्यूट’ नाही, तर ट्रॅप फाइलीत दिसतो पण हँडलर (ट्रॅप आल्यावर चालवायची स्क्रिप्ट) चालत नाही. लोक तासन्‌तास हँडलरच तपासत बसतात. दुसरं, विजेने जळलेला स्विच बदलला की व्ही३ आवृत्तीतला इंजिन आयडी (उपकरणाची ओळख) बदलतो, कारण तो बहुधा मॅक पत्त्यावरून (हार्डवेअरच्या पत्त्यावरून) बनतो. जुन्या आयडीवर नोंदवलेला यूजर मग जुळत नाही आणि नव्या स्विचचे ट्रॅप गुपचूप टाकले जातात. म्हणून तो आयडी नव्या स्विचवर हाताने जुनाच घाला.

बाकी आयबीएमच्या नेटव्ह्यू या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये मिऱ्याबंदर म्हणतात तशी विभागणी मुळातच आहे. ऑटोटास्क म्हणजे टर्मिनल नसलेला ऑपरेटर. नियमांचं टेबल त्याच्यापासून वेगळं चढवतात आणि त्याआधी टेस्ट पर्यायाने तपासता येतं.

खाडीकाठ
ती टेस्ट टेबलाची मांडणी तपासते, नियमातलं शहाणपण नाही. अपलिंकबद्दल मात्र मिऱ्याबंदरांचं बरोबर. अपलिंकच्या पोर्टांची यादी करून त्यांना कृतीतून वगळाच. तेवढं केल्यावर माणसाची वाट बघायला कारण उरत नाही. सेवा उठल्यावर दुसऱ्या मशीनवरून अस्तित्वात नसलेल्या पोर्टाचा, सिसअपटाइम ६०,००० च्या वर घालून, एक लिंकडाउन (‘पोर्ट तुटला’) ट्रॅप सोडायचा. दोन मिनिटांत त्याचं तिकीट उघडलं नाही तर त्या दुसऱ्या मशीननेच फोन वाजवायचा.

मिऱ्याबंदर
तिकिटापुरतं मान्य. पोर्टाला हात लावणारी प्रक्रिया मी अजूनही हातानेच सुरू करीन.